पितळी शंभर वर्षांचं कॅलेंडर (२००१ ते २१००): घ्या, पण शेवटचं वर्ष बघून घ्या

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक पितळी कॅलेंडर घेतलं. वापरून आता सहा-सात महिने झाले, घरी येणारा प्रत्येक जण ते हातात घेतो आणि विचारतो कुठून घेतलं, कितीला पडलं, चालतं का नीट, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. ज्याला घ्यायचंय त्याला उपयोग होईल आणि विशेषतः घरात शाळेत जाणारं पोर असेल तर नक्कीच होईल.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. तळहाताहून जरा मोठी गोल चकती, दोन थरांची, मधोमध रिव्हेट मारलेली. किचनच्या काट्यावर ठेवली तर ३४० ग्रॅम भरली, म्हणजे पत्रा नाहीये, चांगलं जाड पितळ आहे. मागच्या थरावर वरच्या बाजूला २००१ ते २१०० अशी सगळी वर्षं सात उभ्या रांगांत कोरलेली. पुढची चकती फिरते, तिच्या कडेला महिने, खाली एक खिडकी आणि खिडकीखाली १ ते ३१ तारखा. तुम्हाला जो महिना हवाय तो फिरवून त्या वर्षाच्या रांगेखाली आणायचा, की खिडकीत वार आपोआप जागेवर येतात आणि अख्खा महिना समोर. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, काही नाही. विक्रेत्या काकांनी नऊशे सांगितले होते, साडेसहाशेला दिलं. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो हे पुणेकरांना माहितीच आहे, रविवारी गर्दी फार, बुधवारी गेलात तर वस्तू हातात घेऊन निवांत बघता येते आणि ही वस्तू निवांत बघूनच घ्यायची आहे, का ते पुढे येईलच.

आता मजा अशी की कडेला महिने बारा नाहीत, चौदा आहेत. जानेवारी आणि फेब्रुवारी दोनदा. एकदा काळ्यात, एकदा लाल रंगात. काळा जानेवारी ऑक्टोबरबरोबर एका घरात, लाल जानेवारी एप्रिल-जुलैच्या घरात. काळा फेब्रुवारी मार्च-नोव्हेंबरबरोबर, लाल फेब्रुवारी ऑगस्टबरोबर. वरच्या वर्षांमध्येही २००४, २००८, २०१२ असे काही आकडे लाल. बरोबर कागद-बिगद काहीच मिळत नाही, काकांनीही सांगितलं नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही लाल रंग म्हणजे नुसती सजावट समजलो.

माझ्या मुलीचा जन्म १२ जानेवारी २०१६ चा, जिजाऊ जयंतीचा. तिने पहिल्यांदा तेच लावून बघितलं आणि बुधवार आला. सासूबाई म्हणाल्या, शक्यच नाही, मंगळवार होता, माझा मंगळवारचा उपास होता आणि मी हॉस्पिटलच्या बाहेर शेंगदाण्याचा लाडू खाऊन बसले होते. पोरगी म्हणाली, "आजी, पितळ खोटं कसं बोलेल?" आणि दोघींची चांगलीच जुंपली. मग माझ्या लक्षात आलं की वरती २०१६ लाल आहे आणि हिने जानेवारी काळा लावलाय. लाल जानेवारी लावला, मंगळवार आला, आजी जिंकल्या.

इथून पुढे दोन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, कारण तिने विचारलं की लाल वर्षात जानेवारी वेगळा का, जास्तीचा दिवस तर फेब्रुवारीच्या शेवटी येतो ना? प्रश्न अगदी बरोबर आहे. साधं वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे कुठलीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. लीप वर्षात २९ फेब्रुवारी मध्ये घुसते, त्यामुळे तिच्यानंतरच्या तारखा एक सोडून दोन वार उडी मारतात, लीप म्हणजेच उडी. तिला १५ ऑगस्ट लावून दाखवला. २०२३ ला मंगळवार, २०२४ ला एकदम गुरुवार, बुधवार गायबच, मग २०२५ ला शुक्रवार, २०२६ ला शनिवार. कॅलेंडर बनवणाऱ्याने वर्षांच्या रांगा मार्चच्या पुढच्या वारांवरून लावल्यात, म्हणून लीप वर्षात मार्चच्या आधीचे दोनच महिने वेगळे लागतात. मला स्वतःला हे इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, हातात फिरवल्यावर पाच मिनिटांत कळलं. आम्हाला शाळेत मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायला शिकवलं होतं, उंचवटा एकतीसचा, खळगा तीसचा, आणि फेब्रुवारी आला की "हा अठ्ठावीसचा, दर चार वर्षांनी एकोणतीस" एवढं म्हणून पुढे जायचं. का, ते कोणी सांगितलं नाही.

का ते असं. पृथ्वीला सूर्याभोवती फिरून पुन्हा त्याच ऋतूत यायला ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि वर साधारण ४५ सेकंद लागतात. वरचे हे जवळजवळ सहा तास दरवर्षी साठत जातात आणि चार वर्षांत जवळजवळ एक दिवस होतो. आपल्याकडे हे साठणं डोळ्यांनी बघायचं असेल तर संक्रांत बघा. २०२४ ला संक्रांत १५ जानेवारीला होती, लोक तेव्हा कितीतरी गोंधळले होते, तिळगूळ कधी द्यायचा, सुगडं कधी पुजायची. मग २०२५ ला पुन्हा १४ ला आली. सूर्य मकर राशीत शिरतो ती वेळ दरवर्षी सहा तासांनी पुढे जाते, ढकलत ढकलत १५ वर जाते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली की पुन्हा मागे खेचली जाते. २०२४ च्या फेब्रुवारीने तेच केलं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, अगं मग इतकी वर्षं मी पंचांगवाल्यांना नावं ठेवत होते.

त्यांनीच मग विचारलं की हे तुझं पितळ अधिक महिना दाखवतं का. नाही दाखवत, हे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. २०२६ चा अधिक ज्येष्ठच घ्या, १७ मे ते १५ जून, त्याची या चकतीवर काही खूण नाही आणि असूही शकत नाही. आपले महिने चंद्राचे, बारा मिळून साधारण ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षाला अकरा कमी पडतात, मग बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अख्खा महिना घालून बरोबरी करायची. तिकडे एक दिवस, इकडे एक महिना, दुखणं एकच. जावयाला धोंडे-अनारसे घालायचे असतील तर भिंतीवरचं कॅलेंडर लागणारच, ही चकती त्याच्या जागी घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरच्या सुट्टीत पोरगी लाल वर्षं मोजत बसली होती आणि म्हणाली पंचवीस आहेत. मी म्हटलं शंभर भागिले चार, पंचवीसच येणार. आणि म्हणतानाच काहीतरी खटकलं. चकती खिडकीच्या उजेडात धरली. शेवटचा आकडा २१००, आणि तो लाल. लीप वर्षात लावायची ती लाल.

२१०० लीप वर्ष नाहीये.

सहा तास म्हणतो ते पूर्ण सहा नाहीत, सव्वाअकरा मिनिटं कमी आहेत. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४६ मध्ये रोमचं कॅलेंडर सुधारलं तेव्हा दर चार वर्षांनी एक दिवस असा सरळ नियम बसवला, म्हणजे वर्ष बरोबर ३६५ दिवस आणि सहा तासांचं धरलं. ही सव्वाअकरा मिनिटं तेव्हा किरकोळ वाटली असणार पण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचा फरक पडला होता, वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखी असण्याचा दिवस, जो २१ मार्चला धरला होता तो ११ मार्चच्या आसपास यायला लागला आणि त्यावर ईस्टर ठरायचा म्हणून चर्चची पंचाईत. मग पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये दोन कामं केली. दहा दिवस काढून टाकले, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. आणि पुन्हा साठू नये म्हणून नियमात दुरुस्ती केली, की शतकाचं वर्ष, म्हणजे शेवटी दोन शून्यं असलेलं, चारने नाही तर चारशेने भाग गेला तरच लीप. १६०० लीप, १७००, १८००, १९०० नाही, २००० लीप, २१०० नाही. चारशे वर्षांत १०० ऐवजी ९७. ओळखायची सोपी रीत मी मुलीला अशी सांगितली: शेवटी दोन शून्यं नसतील तर शेवटचे दोन आकडे बघ, २०२८ मधले २८, चारने जातात, झालं. दोन शून्यं असतील तर ती झाक आणि पुढचे दोन बघ. २००० मधले २० जातात, २१०० मधले २१ जात नाहीत. बस.

ही चूक कशी झाली असेल ते मला कळतं. आज जिवंत असलेल्या जवळजवळ कोणालाच चारचा साधा नियम कधी फसलेला नाही. १९०४ पासून २०९६ पर्यंत दर चौथं वर्ष बिनचूक लीप आहे, कारण मधे आलेलं एकच शतकवर्ष २००० आणि ते नेमकं चारशेने जाणारं. २००० साली ज्याला फक्त चारचा नियम माहिती होता तो बरोबर ठरला, ज्याला अर्धी दुरुस्ती माहिती होती तोच चुकला असता. मग कोरणाऱ्याने चार-चार मोजत शेवटपर्यंत लाल भरत नेलं असणार.

पण ज्यांना १९०० लागलं त्यांची आठवण आहे की आपल्याकडे. मोरारजी देसाई, आधी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि नंतर पंतप्रधान, त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. चार वर्षांनी १९०० आलं, त्याला २९ फेब्रुवारीच नाही. त्यांची जन्मतारीख पहिल्यांदा कॅलेंडरवर आली ती १९०४ मध्ये, आठ वर्षांचे झाल्यावर. २०९६ च्या २९ फेब्रुवारीला जन्मणाऱ्या बाळाचं अगदी तसंच होणार, त्याला २१०४ पर्यंत थांबावं लागेल.

चकती घेऊन मी पुन्हा बाजारात गेले. काका भले माणूस, ओळखलं, चहा मागवला. चूक दाखवली तर त्यांनी पेटीतून तशाच अजून चार काढल्या, चारही तशाच, एकाच साच्यातल्या. म्हणाले, "ताई, एकविसशे साल बघायला आपण कोण असणार?" मला त्याचं वाईट वाटलं आणि तसं मी त्यांना बोललेही. माझी मुलगी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची असेल. तिच्या पणजीने नव्वदी ओलांडली होती. पितळेची वस्तू माणूस घेतो ती पुढच्यांकडे जावी म्हणूनच ना, नाहीतर प्लास्टिकचं काय वाईट? आणि चूकही छोटी नाहीये. २१०० लाल धरून लावलं तर जानेवारी-फेब्रुवारी बरोबर येतात, पण मार्चपासून अख्खं वर्ष एका वाराने पुढे. १ मार्च २१०० ला खरा सोमवार आहे, चकती मंगळवार दाखवते. म्हणजे एक आकडा चुकलेला नाही, दहा महिने चुकलेत. काका ऐकून घेत होते, मग म्हणाले बनवणाऱ्याला सांगतो. शंभर रुपये परत देत होते ते मी घेतले नाहीत.

आता हे सगळं वाचून वाटेल की वस्तू खराब आहे. अजिबात नाही. उलट एक गंमत सांगते जी काकांनाही माहिती नव्हती. ग्रेगरी पोपांच्या नियमाने चारशे वर्षांत बरोबर १,४६,०९७ दिवस होतात आणि त्याला सातने पूर्ण भाग जातो, त्यामुळे दर चारशे वर्षांनी कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं. म्हणजे १६३० बघायचं असेल तर चकतीवर २०३० लावा. मी लगेच शिवजन्म लावला, १९ फेब्रुवारी. मंगळवार आला. आणि जेधे शकावलीत, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या तिथीवार जुन्या नोंदीत, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ला वार शुक्रवार दिलाय. मी घाबरले, म्हटलं आता अजून काय चुकलं. तर चकती चुकली नव्हती. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, सीझरच्या पद्धतीची आहे. इंग्रजांनी पोपचं कॅलेंडर थेट १७५२ मध्ये घेतलं, तोपर्यंत त्यांची कागदपत्रं जुन्याच तारखांनी, आणि आपल्या शिवकाळाच्या तारखा इंग्रजीत मांडताना तीच पद्धत रूढ झाली. नव्या पद्धतीने तोच दिवस दहा दिवस पुढे जातो, म्हणजे १ मार्च १६३०. चकतीवर २०३० चा मार्च लावला, एक तारखेवर बोट ठेवलं. शुक्रवार!

खरं सांगते, अंगावर काटा आला. साडेसहाशे रुपयांची पितळी चकती आणि शकावलीतला वार जुळतो. राज्याभिषेकालाही हेच लागू, ६ जून १६७४ ही जुनी तारीख, नव्याने १६ जून. २०७४ चा जून लावा, १६ ला शनिवार येतो. नुसती ६ जून बघितलीत तर बुधवार येईल आणि उगाच कोणाशी तरी वाद घालत बसाल. आम्ही घरात एक कागद चिकटवलाय चकतीच्या डबीत, १६०१ ते १६९९ साठी चारशे मिळवा, आधी तारखेत दहा दिवस मिळवा. मुलीच्या अक्षरात आहे.

किरकोळ तक्रारी अजून दोन आहेत. रिव्हेट सुरुवातीला फार घट्ट, नखाने फिरवावं लागतं, खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला आणि आठवडाभरात मोकळं झालं. आणि चिंच किंवा पावडर लावून घासू नका, कोरलेल्या आकड्यांत भरलेला रंग निघतो. २०२० चा लाल आमच्याकडे तसाच फिका झाला आणि आता तो नीट बघूनच कळतो, आणि या वस्तूत लाल-काळं कळलं नाही तर काहीच कळलं नाही. मऊ फडक्याने पुसा, एवढंच.

२१०० चं मी काय केलं तेही सांगते कारण ज्यांच्याकडे हीच चकती आहे त्यांनाही करता येईल. तांबट आळीजवळ भांड्यांवर नाव घालून देणारे एक दादा बसतात, त्यांच्याकडे मुलीला घेऊन गेले. तिनेच त्यांना समजावलं. २१०० हे २०९५ च्या खाली कोरलंय, ते खोडायचं, आणि शेजारच्या रांगेत २०९४ च्या खाली नव्याने कोरायचं, काळ्यात. दादांनी आधी विचारलं की साल चुकीचं नाही ना घालत, भांडं परत येतं मग. तिने बोटं मोजून दाखवलं, एकवीसला चारने भाग जात नाही. त्यांनी मान हलवली, छिन्नी घेतली, जुन्या आकड्यावर चार तिरक्या रेघा मारल्या आणि नवा घातला, शून्यं जरा मोठी आलीत बाकीच्यांपेक्षा. पन्नास रुपये घेतले.

तर घ्यायला जाल तेव्हा हातात घेऊन तीन जागा बघा. २०१६ लाल आणि काळा-लाल जानेवारी वेगळे आहेत का. लाल वर्षं चोवीस आहेत का, पंचवीस नकोत. आणि १ मार्च २१०० ला सोमवार येतो का. सोमवार आला तर साडेसहाशे काय, नऊशेलाही घ्या. मंगळवार आला तर पन्नास रुपये कमी करायला सांगा, नाव घालणाऱ्यांचे.